ऊन, तडको आणि नीरू

सीमाभागातील मराठीविषयी, न्यायालयांतील आणि कचेऱ्यांतील मराठीविषयी आम्ही आजवर पुष्कळ लिहिले. हा लेख मात्र आमच्या स्वतःच्या फजितीचा आहे, आणि तो लिहिण्याचे धैर्य गोळा करण्यास आम्हांस वर्ष लागले.

गेल्या मे महिन्यात, न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत, सुरत ते नागपूर असा एकट्याने सायकलप्रवास करण्याचा संकल्प आम्ही सोडला. मराठीची दक्षिण सीमा आम्ही जन्मभर पाहिली. चंदगड तालुक्यात वाढलो, वकिली बेळगावात केली. उत्तर सीमा एकदा चाकांखालून जावी, अशी इच्छा होती. जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ ने बारडोली, व्यारा, सोनगड करीत नवापूर गाठायचे, तेथील अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात असलेले रेल्वे स्थानक पाहायचे, आणि पुढे धुळे, जळगाव, अकोला, अमरावती. सायकल आगगाडीने सुरतेस आणली. शिवाजी महाराज सुरतेवर आले ते जानेवारी १६६४ मध्ये आणि ऑक्टोबर १६७० मध्ये. वैशाखात आले नाहीत, ही गोष्ट आमच्या ध्यानात यावयास हवी होती.

पहाटे पाचला निघायचे ठरले होते. परंतु लिंबायत भागात काही खानदेशी मंडळींना भेटण्याचा मोह आवरला नाही. सुरतेच्या महापालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमही आहे. तो विषय निघाला, आम्ही घटनेचे कलम ३५०-क समजावून सांगू लागलो, आणि उठलो तेव्हा अकरा वाजले होते. 'आता संध्याकाळीच निघा' असे यजमान म्हणाले. नागपूरच्या मानाने सुरतेचा पारा पुष्कळ खाली असतो, असे उत्तर आम्ही त्यांस दिले. युक्तिवाद बिनतोड होता, आणि साफ चुकीचा.

चूक कोठे झाली, हे नंतर डॉक्टरांनी समजावले. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, केवळ तो आल्याने नव्हे. सुरत समुद्राजवळची, हवेत दमटपणा इतका की घाम निथळतो, वाळत नाही. त्यातच आम्ही पूर्वेकडे निघालेलो आणि समुद्रावरचा वारा पाठीशी. सायकलस्वारास पाठीचा वारा हा आशीर्वाद वाटतो, पण वाऱ्याच्याच वेगाने चालणाऱ्यास वारा लागत नाही. आणि चंदगडच्या गारव्यातून आलेल्या देहाला अशा उष्म्याची सवय व्हावयास आठवडा-दोन आठवडे लागतात. आम्ही त्याला एक रात्र दिली होती.

पर्वत पाटियाच्या पुढे, सारोलीच्या अलीकडे, प्रथम डोके ठणकू लागले. मग मळमळ. घाम येत होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ऊन लागलेल्याची कातडी कोरडी पडते, असे लहानपणापासून ऐकलेले. श्रम करणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा घाम वाहतही असू शकतो, हे कोणी सांगितले नव्हते. मग एका दुकानाची गुजराती पाटी वाचता येईना. अक्षरे दिसत होती, ओळखीचीही होती, पण त्यांचा शब्द होत नव्हता. येथे थांबायला हवे होते. परंतु या विकाराचा कावा असा की तो प्रथम विवेकच पळवितो. थांबावे की नाही हे ज्याने ठरवायचे, तोच जागेवर नसतो. सोबती असता तर त्याने हँडल धरले असते. यापुढचे आम्हांस आठवत नाही.

जे घडले ते आम्हांस ज्यांनी सांगितले त्या बाई शिंदखेड्याकडच्या, वीस वर्षे सुरतेत साड्यांचे धागे कापण्याचे काम करणाऱ्या. त्यांनी आणि एका टेम्पोवाल्याने आम्हांस सावलीत ओढले, ओले गोणपाट अंगावर टाकले, साड्यांच्या खोक्यांच्या झाकणांनी वारा घातला. पाणी तोंडात ओतले नाही. शुद्ध नसलेल्या माणसाला पाजू नये, हे त्यांना ठाऊक होते. टेम्पोवाल्याने १०८ ला दूरध्वनी करून अस्खलित गुजरातीत सांगितले, 'लू लागी गई छे'. गाडी येईपर्यंत आमचे अंग भिजत राहिले. रुग्णालयात तपासले तेव्हाही ताप १०५ अंशांवर होता. आधी थंड करा, मग हलवा, हाच या दुखण्याचा नियम आहे, आणि तो त्या दोघांनी पाळला म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

शुद्धीवर आलो तेव्हा बाई उशाशी होत्या. 'काय व्हयनं भाऊ?' असे काही नाही. पहिला प्रश्न आला, 'नीरू कोन शे तुमनी?'

आम्ही गोंधळलो. नीरू नावाचे आमच्या नात्यात कोणी नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही सारखे तिला हाक मारत होता. आम्ही तुमच्या फोनमध्येही शोधले, लेक असेल म्हणून. क्षणभराने उलगडा झाला आणि आम्हांस घाम फुटला, या वेळी उन्हाचा नव्हे. 'नीरु' म्हणजे कन्नडमध्ये पाणी. शेजारच्या घरातल्या मुलांबरोबर लहानपणी शिकलेला शब्द. जिच्या सक्तीविरुद्ध तीस वर्षे अर्ज लिहिले, त्याच भाषेत आम्ही मरणाच्या दारात पाणी मागत होतो. सक्तीविरुद्धचा आमचा दावा तसूभरही सैल झालेला नाही. पण प्रतिज्ञापत्रात न मावणारे काही आपल्यात असते, हे मान्य करणे भाग आहे. (संस्कृतातला 'नीर' हा शब्दही मुळात द्राविड, असे अनेक अभ्यासक मानतात. तेवढाच दिलासा.)

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. सुरतेतल्या मराठी माणसांची संख्या सांगताना आम्ही या खानदेशी मंडळींना हक्काने मोजतो. आणि एका व्यासपीठावरून आम्हीच अहिराणीला 'अशुद्ध मराठी' म्हटले होते. २०११ च्या जनगणनेत अहिराणी मराठीखाली नव्हे, 'खानदेशी' या निराळ्या नोंदीखाली मोजली आहे. ग्रिअर्सनने तर शतकापूर्वीच ती मराठीपासून वेगळी काढली. यावर आम्ही चिडून लिहिले होते. ती भाषा बोलणाऱ्यांस काय वाटते, हे मात्र विचारले नव्हते. बाईंना आम्ही खाटेवरून विचारले. त्या म्हणाल्या, घरी अहिराणी, पोरांच्या शाळेत मराठी, बाजारात गुजराती. यात काय विचारायचे, असा त्यांचा चेहरा.

शब्दांची गंमत पाहा. रुग्णालयातल्या परिचारिकेस आम्ही 'ऊन लागलं' म्हणालो, तर ती हसू लागली. गुजरातीत 'ऊन' म्हणजे लोकर. ते 'ऊर्णा'पासून आलेले, आपले 'उष्ण'पासून. उन्हाला ते 'तडको' म्हणतात, आणि आपण तडका देतो आमटीला. मात्र 'ऊनुं पाणी' म्हणजे गरम पाणीच, म्हणजे आपले ऊन तेथेही विशेषणाच्या वेषात राहते. आपल्या 'ऊन लागणे' या प्रयोगाबद्दल मात्र तक्रार आहे. डोके दुखले तरी ऊन लागले, माणूस दगावला तरी ऊन लागले. मग कांदा हुंगा, पन्हे प्या. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी सोहळ्यास गेलेली माणसे उन्हाने दगावली, तेव्हा 'उष्माघात' हा वृत्तपत्री शब्द घरोघरी पोचला. बोलणे अडखळू लागले, माणूस असंबद्ध वागू लागला की तो उष्माघात समजावा, एवढे तरी त्या शब्दाबरोबर पोचायला हवे होते.

सायकल अद्याप लिंबायतेत, बाईंच्या घरी आहे. डिसेंबरात ती घेऊन नवापूरकडे निघणार आहोत, या वेळी एका तरुण सहकाऱ्यासह. 'नीरू' म्हणजे पाणी, हे बाईंना आम्ही दोनदा समजावून सांगितले. परवा दूरध्वनीवर त्यांनी पुन्हा बजावले, येताना नीरूला घेऊन या.