पाठ आणि घटना

चि. निखिल,

तुझं पत्र पोचलं. होस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद घालता, मग सकाळच्या लेक्चरला कोण जातं ते विचारत नाही. तुझा एक मित्र म्हणतो, नव्या कराराचं एक अक्षरही बदललेलं नाही. दुसरा म्हणतो, चर्चने वाटेल तसं बदललं. दोघांनीही पोथी पाहिलेली दिसत नाही. आत्याने उभा जन्म हस्तलिखितांच्या धुळीत काढला, म्हणून मला विचारलंस हे बरं केलंस.

नव्या करारातल्या एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज शिल्लक नाही. पौलाची पत्रं साधारण इ.स. 50 च्या दशकातली आणि मार्ककृत शुभवर्तमान 70 च्या आगेमागे, असं बहुतेक अभ्यासक धरतात. आपल्या हाती आहेत त्या नकलांच्या नकला. मँचेस्टरच्या रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तळहातात मावेल एवढा तुकडा आहे. रोमन सुभेदार पिलातासमोर येशूची चौकशी चालू आहे, त्या योहानाच्या 18 व्या अध्यायातल्या मोजक्या तुटक ओळी त्यावर आहेत. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला म्हणतात. पण नुसत्या हस्ताक्षरावरून काळ ठरवताना पन्नास वर्षं सहज इकडेतिकडे होतात, हे मी अनुभवाने सांगते.

ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांच्या वर आहेत. या आकड्याची फुशारकी फार मारली जाते. त्यातली बहुतेक नवव्या शतकानंतरची, आणि एकाच वळणाची. एकाच घरातल्या शंभर जणांनी साक्ष दिली म्हणून ती शंभर पट खरी होत नाही. शिवाय प्रती जितक्या जास्त, तितके पाठभेद जास्त. तुझा दुसरा मित्र घाबरवायला हे पाठभेदच वापरतो. खरं तर बहुतेक भेद स्पेलिंगचे, शब्दांच्या क्रमाचे, किंवा नक्कल करणाऱ्याची नजर एक ओळ सोडून खाली घसरल्याचे आहेत.

काही भेद मात्र मोठे आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन थोर पोथ्यांत मार्क 16:8 ला थांबतो. स्त्रिया रिकाम्या कबरेतून पळतात, भ्यायल्यामुळे कोणाला काही सांगत नाहीत, संपलं. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या. काही प्रतींत वेगळाच, छोटा शेवट आहे. काहींत दोन्ही एकाखाली एक! त्या लेखनिकापुढे दोन परंपरा आल्या आणि एकही टाकायचा धीर त्याला झाला नाही. अशा माणसाला लबाड कसं म्हणू?

योहानातली व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही सर्वांत जुन्या पोथ्यांत नाही. काही हस्तलिखितांत ती चक्क लूकमध्ये सापडते. गोष्ट जुनी असेल, पण योहानाने ती लिहिली असं मला वाटत नाही. त्रैक्याचा तो प्रसिद्ध उल्लेख, 1 योहान 5:7 मधला, इरॅस्मस या पंडिताने 1516 च्या आपल्या छापील ग्रीक पाठात घेतला नव्हता. ओरड झाल्यावर 1522 मध्ये घातला.

व्हॅटिकन पोथीतलं इब्री लोकांस पत्राचं पहिलं पान तुला दाखवायला हवं. तिथे कोणीतरी एक शब्द सुधारला. शतकांनंतर दुसऱ्याने तो पुन्हा जुना केला आणि समासात त्या सुधारकाला मूर्ख आणि नीच ठरवून बजावलं की जुनं आहे तसं राहू दे. गंमत अशी की सुधारणारा बहुधा बरोबर होता!

आपल्याकडे भांडारकर संस्थेने 1919 पासून 1966 पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीही अशाच पोथ्या पडताळून. गणपती लेखनिक झाल्याची कथा तिचे संपादक सुकथनकर यांनी मुख्य पाठातून परिशिष्टात टाकली. त्याने महाभारत खोटं ठरलं नाही.

आता तुझ्या मित्रांची खरी गल्लत. पाठ नीट हाती लागला म्हणून त्यातली घटना घडली, असं होत नाही. लूकचा दुसरा अध्याय घे. पाठ बऱ्यापैकी स्थिर आहे, इतिहास अडतो. हेरोद राजा इ.स.पू. 4 मध्ये वारला आणि रोमन सुभेदार क्विरीनियची नावनिशी इ.स. 6 ची, मग येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीत आणि त्या नावनिशीच्या वेळीही कसा बसवायचा? मला तरी जुळवाजुळव पटत नाही. उलट पिलाताच्या अमलात येशूला देहदंड दिला गेला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही सांगतो. पिलाताचं नाव कोरलेला दगड 1961 मध्ये कैसरियात सापडला. आणि आपण पेत्राला आणि येशूचा भाऊ याकोब याला भेटलो, असं पौल स्वतः गलतीकरांना लिहितो. एवढ्या जवळची साक्ष प्राचीन इतिहासात फार थोड्या माणसांच्या वाट्याला येते. पुनरुत्थान घडलं का, याचं उत्तर पोथ्या तपासून मिळणार नाही. त्यावर मला बोलायला लावू नकोस.

सिनाय पोथीची पानं इंटरनेटवर फुकट बघता येतात. मित्रांना घेऊन मार्कचं शेवटचं पान उघडा, आठव्या ओवीनंतरची मोकळी जागा बघा, आणि मग हवं तेवढं भांडा. दिवाळीला आलास की काय ठरलं ते सांग.

तुझी,
आत्या