पत्त्यावरची शाळा

मूल पाचवीत गेलं की फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत एकच विषय सुरू होतो : मिडल स्कूल कुठलं? इथं प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत असते, सहावी ते आठवी मिडल स्कूल आणि पुढं चार वर्षं हायस्कूल. गणपतीची आरती आटोपून प्रसाद वाटला जातो तेव्हाही बायाबापड्यांत आणि पुरुषांत याच गप्पा. आमच्याकडं यंदा लेकीचा नंबर आहे.

फ्रीमाँट हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला वसलेलं शहर. १९५६ साली सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सान होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एक होऊन ते झालं. वाघोलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०२१ मध्ये आमचं गाव बावीस भावंडांसह पुणे महापालिकेत गेलं, तरी विचारल्यावर आम्ही वाघोलीचेच. इथंही लोक "आम्ही मिशनचे", "आम्ही सेंटरव्हिलचे" असंच सांगतात. साऱ्या सरकारी शाळा मात्र एकाच स्कूल डिस्ट्रिक्टच्या. त्याचं बोर्ड लोक मतदानानं निवडतात, आणि पत्ता ठरला की शाळा ठरते. भाडेकरार आणि वीजबिल दाखवायचं, फी नाही, मुलाखत नाही.

मिडल स्कूलं पाच : सेंटरव्हिल, हॉपकिन्स, हॉर्नर, थॉर्न्टन आणि वॉल्टर्स. पाचही ठिकाणी शिक्षकांची वेतनश्रेणी एक, अभ्यासक्रम एक, सुट्ट्यांचं वेळापत्रकही एक. तरी हॉपकिन्सच्या हद्दीतलं घर घ्यायला लोक जीव टाकतात, कारण तिथली मुलं पुढं मिशन सान होजे हायस्कूलला जातात आणि त्या हायस्कूलचं नाव देशभर आहे. रस्ता ओलांडला की घराची किंमत बदलते. २००० साली बोर्डानं हद्दी बदलून मिशन भागातली काही मुलं अर्विंग्टनच्या शाळांकडं वळवली, तेव्हा पालक कोर्टात गेले, वेगळा डिस्ट्रिक्ट मागण्यापर्यंत गेले. तो झाला नाही. एका शाळेच्या नावापायी शहराचे दोन तुकडे करायला माणसं तयार झाली होती, हे मात्र विसरण्यासारखं नाही.

हे सगळं उभं आहे एका आकड्यावर. घरं विकणाऱ्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराखाली जवळच्या शाळांना दहापैकी गुण दिलेले असतात. त्या गुणांत मोठा वाटा परीक्षेतल्या निकालाचा. पण निकाल कुणाचा? स्टॅनफर्ड विद्यापीठातले शॉन रिअर्डन यांनी अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या डिस्ट्रिक्टांचे परीक्षेचे निकाल वर्षानुवर्षं तपासले. त्यांचं म्हणणं असं की सरासरी गुण हे घरच्या सुबत्तेच्या मागोमाग चालतात. मुलं वर्षागणिक किती पुढं सरकतात याचा मात्र त्या सुबत्तेशी फारसा घट्ट संबंध नाही. म्हणजे दहापैकी दहा गुण बघून आपण शाळा जोखत नसतो, तिथल्या पालकांचा पगार आणि पदव्या जोखत असतो. काळ्या कसदार रानातलं पीक बघून शेतकऱ्याची हुशारी ठरवू नये, तसंच हे.

म्हणून मी शाळा बघायला गेलो. पाचांपैकी जिला कमी गुण आहेत अशा एका शाळेत तासभर बसलो. फ्रीमाँटमध्ये अफगाण लोकांची मोठी वस्ती आहे, सेंटरव्हिलच्या भागाला लोक 'लिटल काबूल' म्हणतात. त्या वर्गात काही मुलं इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली होती. बाईंनी अपूर्णांकाचं एक गणित फळ्यावर मांडलं. एका मुलाला ते येत होतं, सांगता येत नव्हतं. बाईंनी घाई केली नाही. त्यानं कागदाची पट्टी घडी घालून तीन चतुर्थांश दाखवले, मग शेजारच्या मुलीनं त्याला शब्द पुरवले आणि अखेर त्यानं सगळं वाक्य स्वतः म्हटलं. परीक्षेत हा मुलगा शाळेचे गुण बहुधा खालीच ओढणार. पण त्या तासाला शाळेनं त्याच्यात जी भर घातली, ती घरी शिकवणी लावलेल्या माझ्या मुलीत कुठल्याही शाळेनं एका तासात घातली नसती.

इथल्या व्यवस्थेला हे ठाऊक आहे, हे तिचं मोठेपण. २०१३ पासून कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टला मिळणारा पैसा मुलं बघून वाढतो : गरीब घरची, इंग्रजी शिकणारी, सरकारनं सांभाळासाठी परक्या घरी ठेवलेली मुलं जितकी जास्त, तितकी रक्कम जास्त. १९८८ च्या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी आपला लेखाजोखा जाहीर करावा लागतो. पात्र शिक्षक किती, पुस्तकं पुरेशी आहेत का, इमारत आणि संडास कोणत्या अवस्थेत आहेत, दर मुलामागं खर्च किती, सगळं त्यात. शिवाय २०१७ पासून राज्य प्रत्येक शाळेला भाषा, गणित, सतत गैरहजर राहणारी मुलं, शाळेतून काही दिवस काढून टाकलेली मुलं अशा एकेका बाबीसाठी लाल ते निळा असा रंग देतं, तोही मुलांच्या गटागटानं. पाचही शाळांचे हे लेखे मी शेजारी शेजारी मांडले, तेव्हा दहापैकीच्या आकड्यामागं न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. आपल्या मुलीसाठी शाळा जोखायची तर त्याच बघाव्यात.

आता वाघोली. सकाळी सात वाजता केसनंद फाट्यावर उभं राहा. पिवळ्या बस एकामागोमाग एक नगर रस्त्यावर अडकलेल्या. एकाच सोसायटीतली मुलं पाच वेगवेगळ्या शाळांच्या पाच बसमध्ये. तुलना तिथंही होते, पण फीची आणि बोर्डाची : सीबीएसई की स्टेट. गावातल्या सरकारी शाळेचं नाव त्या तुलनेत येतच नाही. वास्तविक शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हा मुलाचा हक्क आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा. आमच्या गावाचा हा हक्क आणखी मोलाचा, कारण महापालिकेत गेल्यावर ग्रामपंचायत गेली, आणि मार्च २०२२ पासून पुढं काही वर्षं महापालिकेत प्रशासकच होते. निवडून दिलेला नगरसेवक नसताना शाळेबद्दल विचारायची हक्काची जागा उरली ती ही समितीच.

आणि शाळा म्हणजे मुलांत घातलेली भर, हे वाघोलीला नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं लातूर-उस्मानाबादची सुमारे १२०० मुलं पुण्यात आणली. त्यांच्यासाठीच वाघोलीत शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. खाणींवर दगड फोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी संतुलन संस्थेनं इथंच पाषाण शाळा काढल्या. घर गमावलेली मुलं, खाणीत वाढलेली मुलं. गुणांच्या यादीत या शाळा कुठं बसल्या असत्या? आणि मुलांना कुठून कुठं नेलं हे मोजलं तर?

आम्ही लेकीला घराच्या पत्त्यावर येते त्याच शाळेत घालतो आहोत, हद्द बदलायला घर बदलणार नाही. वाघोलीतल्या मित्रांना एवढंच सांगणं : तुमचं मूल खासगी शाळेत असलं तरी गावातल्या सरकारी शाळेत एकदा जा. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, सहावी-सातवीतली किती मुलं मध्येच शाळा सोडून जातात, मुलींच्या संडासाला पाणी आहे का, समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारा आणि उत्तर लिहून मागा. तुमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंची मुलगी त्या शाळेत शिकते. तिच्यासाठी हे प्रश्न विचारायला ज्याचा आवाज ऐकला जातो असा शेजारी हवा, आणि तो तुम्ही होऊ शकता.