ब्योमकेशच्या शहरात

कोलकात्याला चाललेय म्हटल्यावर मैत्रिणींनी लगेच लिस्ट हातात ठेवली. व्हिक्टोरिया, हावडा ब्रिज, मिष्टी दोई, आणि जमलंच तर एक तांताची साडी. माझी स्वतःची लिस्ट मात्र दोनच पत्त्यांची होती, आणि त्या दोन्ही पत्त्यांवरची माणसं कधी जन्मालाच आली नव्हती. एक ब्योमकेश बक्षी, राहणार हॅरिसन रोड. दुसरे प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलूदा, राहणार २१, रजनी सेन रोड, बालीगंज.

हसा खुशाल! लंडनला जाऊन बेकर स्ट्रीटवर फोटो काढून घेणाऱ्यांना तुम्ही कधी हसलात का?

माझं हे वेड जुनं आहे. आजोबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. काळापहाड, झुंजार, धनंजय-छोटू यांच्याशी ओळख तिथेच झाली. मग लायब्ररीतून सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आले, कॉलेजात अगाथा ख्रिस्ती आली. आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ ही १९९३ ची मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा रजित कपूरचं ते शांतपणे बघत राहणं पाहून मी कायमची खलास झाले. शाळेत एकदा बाईंनी माझ्या दप्तरातून अर्नाळकर बाहेर काढले होते. ‘घरी असलं वाचतेस?’ एवढंच म्हणाल्या. तो ‘असलं’ शब्द मला अजून बोचतो. कोलकात्यात मला नेमकं काय शोधायचं होतं, ते या शब्दात आलं.

तर हॅरिसन रोड. आता त्याचं नाव महात्मा गांधी रोड. मेट्रोने एमजी रोड स्टेशनला उतरायचं आणि कॉलेज स्ट्रीटच्या दिशेने चालत सुटायचं. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पण हातगाड्या, हमाल, लग्नपत्रिकांची दुकानं आणि बॅण्डवाले यांच्यातून वाट काढत जायचं म्हणजे अर्धा तास धरा. ६६ नंबरला प्रेसिडेन्सी बोर्डिंग हाउस आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय तरुणपणी इथल्या मेसमध्ये राहायचे. जीवनानंद दास हे मोठे कवीही इथे राहून गेले.

‘मेस’ या शब्दाने आपला घोटाळा होतो. पुण्यात आपण मेस ‘लावतो’, कोलकात्यात लोक मेसमध्ये ‘राहतात’. गावाकडून नोकरीसाठी आलेले कारकून, मास्तर, विद्यार्थी एका खोलीत दोन-तीन खाटा टाकून राहायचे, जेवण सामायिक. कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. शेजारच्या खाटेवरचा माणूस रोज कुठे जातो, पैसे कुठून आणतो, त्याचं खरं नाव तरी हेच आहे का, यातलं काहीच माहीत नसतं. शरदिंदूंनी १९३० च्या दशकात रहस्यकथा लिहायला घेतली ती या अनोळखी शेजारावर. ‘सत्यान्वेषी’ या कथेत ब्योमकेश अतुलचंद्र मित्र हे खोटं नाव घेऊन एका मेसमध्ये येतो आणि अजितच्या खोलीत मुक्काम टाकतो. पुढे अजितच त्याचा मित्र होतो आणि त्याच्या गोष्टी लिहून काढतो.

ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ शब्द आवडत नाही. दारावरच्या पाटीवर तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो अगदी साधा आहे. धोतर नेसतो, पेपर वाचतो, केसच्या भानगडीत भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करतो, बायकोशी भांडतो, मुलाचा बाप होतो आणि उतारवयात केयातला भागात स्वतःचं घरही बांधतो. शेरलॉक होम्सला ईएमआयची कटकट कधी झाली होती का?

मेसच्या त्या जुन्या जिन्याखाली मी जरा वेळ उभी राहिले. आत डोकावून कुणाला त्रास द्यावासा वाटला नाही. वरून कुणीतरी बादली घेऊन उतरलं, कुणाचा तरी रेडिओ चालू होता. एवढं पुरे होतं.

तिथून कॉलेज स्ट्रीट म्हणजे ‘बोईपाडा’, पुस्तकांचा पाडा. (पाडा हा शब्द तिथेही आहे हे कळल्यावर मला उगाचच घरच्यासारखं वाटलं.) फुटपाथच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या, टपऱ्यांत छतापर्यंत पुस्तकं, आणि दुकानदार त्या ढिगातून नेमकं हवं ते पुस्तक कसं काढतो हे ब्योमकेशलासुद्धा उलगडलं नसतं. एका टपरीवर पांढऱ्या केसांच्या काकांना मी ब्योमकेश मागितला. माझं हिंदी ऐकून त्यांनी विचारलं, ‘बॉम्बे?’

‘पुणे.’

‘अरे वा! मग शरदिंदूबाबू तर तुमच्याच गावचे.’

त्यांनी ‘ब्योमकेश समग्र’चा जाडजूड ग्रंथ काढून समोर ठेवला. कुठून काढला बघितलं तर रवींद्र रचनावलीच्या शेजारून. मी बाईंची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांना ती कळलीच नाही. म्हणजे भाषा कळली, पण रहस्यकथा वाचली म्हणून कुणी मुलीला बोलेल, हेच त्यांच्या डोक्यात शिरेना. ‘आमच्याकडे पोरांना ताप आला की फेलूदा वाचून दाखवतात,’ म्हणाले.

आता थोडं भांडते. मराठीत रहस्यकथा कमी लिहिली गेली का? अर्नाळकरांच्या एकट्याच्या हजाराहून जास्त निघाल्या. वाचणारे कमी होते का? मुळीच नाही. पण आपण ती गादीखाली ठेवून वाचली. बंगालमध्ये स्वतः सत्यजित राय यांनी डिटेक्टिव्ह निर्माण केला, तोही मुलांच्या ‘संदेश’ मासिकात, १९६५ मध्ये. १९६७ मध्ये त्यांनी ब्योमकेशवर ‘चिडियाखाना’ हा सिनेमा काढला, त्यात उत्तमकुमार. मोठ्या माणसांनी एखादी गोष्ट उघडपणे केली की तिला दिवाणखान्यात जागा मिळते. अर्नाळकरांचं सगळंच ग्रेट होतं असं माझं म्हणणं नाही, पुष्कळसं घाईत लिहिलेलं आहे. पण आजोबांसारख्या कितीतरी माणसांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली, आणि त्यांच्या वाट्याला ट्रंक आली.

पोटोबाचं बघायचं तर भवानी दत्त लेनमधलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल गाठा. १९२७ पासूनचं हे ‘पाइस हॉटेल’, म्हणजे जेवढं घ्याल तेवढ्याचे पैसे. अशा हॉटेलांत केळीच्या पानाचेही पैसे वेगळे लावायची पद्धत आहे! कॉफी हाउसमध्ये गर्दी, गोंगाट आणि फेट्यातले वेटर; कॉफी ठीकठाक. सूर्य सेन स्ट्रीटवर पुंटीराम नावाचं मिठाईचं दुकान लागतं. ब्योमकेशच्या घरगड्याचं नावही पुंटीराम. मी दोन कचोऱ्या जास्तच खाल्ल्या.

खरी डिटेक्टिव्हगिरी बघायची असेल तर आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरचं पोलीस म्युझियम चुकवू नका. कोलकाता पोलिसांचं डिटेक्टिव्ह खातं १८६८ चं, रोझ ब्राउन नावाच्या तरुणीच्या खुनाच्या तपासानंतर सुरू झालेलं. १८९७ मध्ये जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो याच शहरात निघाला आणि त्यामागचं डोकं चालवणाऱ्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे होते. पण मी खिळले ती ‘बुक बॉम्ब’समोर. १९०८ मध्ये क्रांतिकारकांनी किंग्जफर्ड या मॅजिस्ट्रेटला कायद्याचं जाड पुस्तक पाठवलं. आतली पानं कोरलेली आणि पोकळीत कोकोच्या डब्यात भरलेला बॉम्ब. साहेबाने ते न उघडताच ठेवून दिलं. न वाचल्यामुळे जीव वाचल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण!

फेलूदाचा परिसर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेत. कालीघाट मेट्रोला उतरून चालायचं. रजनी सेन रोड ही झाडांची, शांत, मध्यमवर्गीय गल्ली. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, एखाद्या घरातून पेटीचे सूर. इथून फेलूदा, तोपशे आणि जटायू जगभर भटकतात, आपल्याकडेसुद्धा येतात. ‘कैलाशे केलेंकारी’ वेरूळला घडतं, ‘बोम्बाइयेर बोम्बेटे’ मुंबईत. अशोक जैन यांनी मराठीत आणलेला फेलूदा रोहन प्रकाशनने काढलाय, सुरुवात तिथून करा. आणि पार्क स्ट्रीटच्या जुन्या कब्रस्तानात दुपारी जा, संध्याकाळी नको. ‘गोरोस्थाने साबधान’ वाचलं असेल तर सकाळीसुद्धा मानेवर काटा येतो.

टपरीवरच्या काकांचं ते ‘तुमच्याच गावचे’ मात्र डोक्यातून जात नव्हतं. ते अगदी बरोबर बोलले होते. शरदिंदू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईला आले आणि १९५२ मध्ये सिनेमा सोडून पुण्याला राहायला गेले. मधली पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प होता. पन्नाशीच्या आसपास तो पुन्हा बोलू लागला आणि नंतरच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. बंगाली घरांतली पोरं सदाशिवाला ओळखतात. मी पुण्यात वाढले, मला तो कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर भेटला.

परतीच्या आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर मी ‘शैलरहस्य’ काढलं. बंगाली लिपी अडखळत लागते, पण लागते. ब्योमकेश एका कामासाठी पुण्याला येतो, तिथून महाबळेश्वरला जातो आणि ऐन थंडीतल्या रिकाम्या हॉटेलातून अजितला पत्र लिहितो. रात्री त्याला एक भूत भेटतं. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. पुणं यायला अजून बराच वेळ होता. मी आजोबांना फोन लावला आणि सांगितलं, जानेवारीत महाबळेश्वरला जायचंय, स्ट्रॉबेरीच्या सीझनची गर्दी असली तरी चालेल. ते म्हणाले, ‘ट्रंकेतला काळापहाड घेऊन येऊ का?’