आखडलं काऊन?

अंगणातला कडुनिंब गेल्या उन्हाळ्यात तोडावा लागला. मुळं विहिरीच्या कठड्यात शिरली होती. मग २२ मेच्या सुमारास, दुपारी सव्वाबाराला, कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबाला सावलीच दिसेना. आजवर त्या वेळी अंगणभर कडुनिंबाचीच सावली असायची, खांबाकडे पाहतंय कोण! यवतमाळच्या निवृत्त गणित शिक्षिकेने ओले कपडे बादलीतच ठेवले आणि कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला.

हिशेब एका ओळीचा. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश आहे, म्हणजे त्याची क्रांती, ही ढोबळमानाने उणे २३.४४ गुणिले कॉस. कंसात वर्षाचा कितवा दिवस आहे तो आकडा, त्यात १० मिळवून, ३६० भागिले ३६५ ने गुणलेला. या आलेखाच्या लाटेचा तळ १ जानेवारीला नसतो, १० दिवस आधी, डिसेंबरच्या २१-२२ ला असतो. म्हणून ते १०. यवतमाळ २०.४ उत्तर अक्षांशावर. क्रांती अक्षांशाइतकी झाली की दुपारचा सूर्य थेट डोक्यावर, सावली पायाखाली; म्हणून तेवढ्या उंचीवर आडवी रेघ ओढली की ती लाटेला दोनदा कापते: २२ मेच्या आणि २१ जुलैच्या आसपास. जुलैतला तो दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला लख्ख दिसतो, पण तेव्हा शाळेला सुट्टी. शिकवायला सोयीचा असा एकही नाही.

कंसातल्या त्या गुणाकारावरून बाईंना मात्र आठवला तो घाटंजीकडचा शेवटच्या बाकावरचा मुलगा. फळ्यावर कॉस एक्सच्या खाली कॉस दोन एक्स काढला, तेव्हा तो उठून म्हणाला होता, ‘मॅडम, दोननं गुनलं त वाढाले पायजे न, हे आखडलं काऊन?’

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. गाइडवाल्यांवर त्यांचा जुना राग आहे तो इथेच: फेरीच्या लांबीसाठी ‘दोन पाय भागिले बी’ चौकटीत छापायचं आणि मोकळं व्हायचं. मुलाची शंका त्या चौकटीत मावत नाही. बाईंनी सांगितलं ते असं: आतला कोन दुप्पट वेगाने पळतो, म्हणून एक फेरी दोन पायऐवजी एका पायमध्येच संपते. उंची तीच, एक ते उणे एक. आधी अक्षावर फेरी कुठे संपते तिथे खूण करायची, त्या अंतराचे चार सारखे भाग पाडायचे, मग शिखर, शून्य, तळ, शून्य, शिखर. ‘एक्स भागिले दोन’चा कॉस काढायचा तर पहिली खूण थेट चार पायवर.

इथे भास्कराचार्यांना आणायचा मोह बाईंना नेहमी होई आणि तास वाया जाई. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा झाला. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या परंपरेत सूर्याची परमक्रांती, म्हणजे क्रांतीचा सर्वांत मोठा आकडा, २४ अंश धरत; आजच्या आकड्याहून साधारण अर्ध्या अंशाने जास्त. हे सगळं ऐकून वर्ग विचारायचा, ‘परीक्षेत येते का?’

घाटंजीच्या मुलाला परीक्षेचं पडलं नव्हतं. बाप रात्रीच्या लाइटवर हरभरा ओलायला जायचा, हाही सोबत. वर्गात डुलक्या त्यामुळेच. ती लाइटही कॉसच आहे, सेकंदाला ५० फेऱ्या, हे कळल्यावर त्याने आलेख काढायला घेतला. आडव्या अक्षावर १ सेंटिमीटरला १ सेकंद. म्हणजे त्या सेंटिमीटरमध्ये ५० लाटा, एकेक ०.२ मिलिमीटरची. पेन्सिलचं शिसंच त्याहून जाड! कागदावर नुसता काळा पट्टा उमटला. मग स्वतःच म्हणाला, ‘अक्ष ताणा लागते.’ तो काळा पट्टा बाईंनी वहीतून फाडून घेतला होता, अजून आहे.

आता त्याच्या शेतात सौरपंप आहे. परवा त्याचा फोन आला: पाट्या किती कलत्या ठेवू? बाई सुरूच झाल्या. डिसेंबरच्या तळाला दुपारचा सूर्य यवतमाळला क्षितिजापासून जेमतेम ४६ अंश वर, तेव्हा पाटी दक्षिणेकडे ४४ अंश कलती. मेअखेर जवळजवळ आडवी. मधल्या महिन्यांसाठी लाट बघून...

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘हरभऱ्यापुरतं सांगा.’