अण्णांच्या गाडीचा स्टार्टर

वाईच्या वाटेवर खंबाटकीचा घाट चढून आम्ही माथ्यावर गाडी थांबविली, त्या वेळीं एप्रिलचें ऊन ऐन भरांत होतें. मागच्या आसनावर आमची त्र्याऐंशी वर्षांची आई बसली होती. चहापाणी झालें, आणि निघावें म्हणून मीं स्टार्टर दिला, तों इंजिनांतून एक दीर्घ कण्हणें तेवढें ऐकूं आलें. दुसऱ्या खेपेस तेंही नाहीं. अखेर दादानें आणि दोघां भल्या ट्रकवाल्यांनीं गाडी उतारावर ढकलली, मीं दुसऱ्या गिअरमध्यें क्लच सोडला आणि ती एकदांची सुरू झाली. आई वाईपर्यंत एक शब्द बोलली नाहीं. घराच्या पायरीशीं उतरतांना मात्र म्हणाली, "परत जातांना मी एस्.टी.नें जाईन. तुम्ही दोघे या हिला ढकलीत."

ही गाडी म्हणजे अण्णांची १९६१ सालची अँबॅसडर. अण्णा गेल्यावर नऊ वर्षें ती अंगणांत पत्र्याखालीं उभी होती. गेल्या वर्षीं दादानें व मीं पैसे जमवून तिचें इंजिन उतरविलें. सिलिंडर एक मिलिमीटरनें मोठे करून घेतले, नवीन पिस्टन व बेअरिंगें घातलीं, हेड घासून समतल केलें. मूळचें १४८९ सी.सी.चें इंजिन त्यामुळें १५३० च्या घरांत गेलें. असें नव्यानें बांधलेलें इंजिन नव्या जोड्यासारखें घट्ट असतें. त्याला फिरवावयास जोर जास्त लागतो. पण ज्यानें हा जोर लावावयाचा, तो स्टार्टर मात्र जुनाच राहिला होता, आणि तो राहिला होता दादाच्या आग्रहानें. "ज्या वस्तूला अण्णांचा हात लागला ती बदलावयाची नाहीं," हें त्याचें पालुपद. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत परीक्षक बॉनेट उघडून पाहतात, हें दुसरें कारण तो जरा हळू आवाजांत सांगे.

स्टार्टरचें काम क्षणाचें, पण मोठें अवघड. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांची विजेची योजना आली, तोंवर हें काम हँडल मारणाऱ्याच्या दंडाचें होतें. केटरिंग यांनीं पूर्वीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठीं मोटर केली होती. थोडाच वेळ चालावयाचें असेल तर लहानशा मोटरवरही तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकतां येतो, हें मर्म त्यांना तेथें सांपडलें. हँडलचें भय मात्र आमच्या घरानें प्रत्यक्ष अनुभविलें आहे. १९७१ सालीं बॅटरी उतरलेली असतांना इंजिननें उलटा हिसका दिला आणि अण्णांचें मनगट मोडलें. आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याभोंवतीं वळवूं नये, हा धडा त्यांनीं पुढें आम्हां दोघांना प्लॅस्टरमधला हात उंचावून दिला.

वाईहून आल्यावर गॅरेजचे मिस्त्री आले. गॅरेजांतले लोक स्टार्टरला नुसतें 'सेल्फ' म्हणतात. मीं अधीर होऊन म्हटलें, "मोठा सेल्फ बसवून टाका." ते हंसले. "काका, आधीं मीटर लावूं या. आजारी माणसाला नुसतें टॉनिक देऊन भागत नाहीं." स्वस्थ बॅटरीवर १२.६ व्होल्ट भरले. स्टार्टर फिरत असतां बॅटरीच्या टोंकांवर १०.४, आणि प्रत्यक्ष स्टार्टरपाशीं अवघे ८.७. म्हणजे १.७ व्होल्ट वाटेंतच गडप! स्टार्टर ३०० अँपिअर ओढतो असें धरलें, तर पांचशेंहून अधिक वॉट तारांना नि सांध्यांना ऊब देण्यांत जात होते. चोर शोधतांना फार वेळ लागला नाहीं. इंजिन आणि सांगाडा आम्ही हौसेनें रंगविले होते, आणि अर्थची पट्टी त्या चकचकीत रंगावरच आवळली होती. रंग खरवडून पट्टी नवी घातली, बॅटरीची तारही जाड घेतली. सकाळीं गार गाडी एका झटक्यांत सुरू होऊं लागली. दादाला केवढा हर्ष झाला!

पण तो दुपारपर्यंतच टिकला. तासभर चालवून थांबविलेली गाडी पुन्हां कण्हूं लागली. तांब्याचें वेटोळें साठ अंशांनीं तापलें, कीं त्याचा विरोध एकपंचमांशाहून अधिक वाढतो. वीज कमी वाहते आणि जोर घटतो. त्यांत घट्ट इंजिन. आतां मात्र निवड करणें भाग होतें.

जुन्याचेंच वेटोळें पुन्हां भरून घ्यावें, हा पहिला मार्ग. मिस्त्रींच्या मतें त्यानें जुना जोर परत मिळेल, जास्त मिळणार नाहीं. दुसरा मार्ग गिअरच्या स्टार्टरचा. यांत लहान मोटर फार वेगानें फिरते आणि आंतील दांतेचक्रें तो वेग उतरवून जोर वाढवितात. क्रायस्लर कंपनीनें १९६२ पासून असा स्टार्टर वापरला, त्यांत मोटरचे साडेतीन फेरे म्हणजे पिनियनचा एक. वीज कमी लागते, वजनही कमी. मीं कॅटलॉगांतला सर्वांत दणकट नमुना निवडला होता. मिस्त्रींनीं तो बाजूला सारला. फ्लायव्हीलवरील कडें जुनें असतां अति जोराचा स्टार्टर त्याचे दांतेच खाऊन टाकतो. चार सिलिंडरांचें इंजिन बंद होतांना बहुधा दोनच ठराविक जागीं थांबतें, म्हणून दांते तेथेंच झिजतात, हें मला प्रथमच कळलें. शिवाय जुन्या पद्धतींत पिनियन झटक्यानें उडून कड्यांत शिरतें, नव्यांत तें आधीं ढकललें जातें व मग फिरतें. तेव्हां दांत्यांची उतरती कड कोणत्या बाजूला आहे, हें पाहिल्याविना पैसे देऊं नयेत. आमचें कडें तापवून काढून उलटें बसवावें लागलें असतें. दादाला एवढें निमित्त पुरलें. त्या रात्रीं आम्हां दोघांत चांगलीच जुंपली; वहिनी पान वाढतां वाढतां थांबल्या.

आई तेवढी शांत होती. तिनें कपाटांतून अण्णांची खर्चाची वही काढून दादापुढें ठेवली. १९७४ च्या पानावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरांत नोंद होती: 'जुना सेल्फ मोडींत दिला. दुसरा जुन्या बाजारांतून घेतला. बरा वाटतो.'

"त्यांना यंत्रावर माया नव्हती रे," आई म्हणाली, "त्यांना वेळेवर पोंचण्याची माया होती."

दादा बराच वेळ तें पान पाहत बसला. मग विचारलेंन, "नव्यासाठीं कोठें भोंक पाडावें लागेल का?" मीं नाहीं म्हणालों.

मध्यम ताकदीचा, १.४ किलोवॉटचा स्टार्टर बसला. कड्याचें काम त्याच खेपेस झालें. त्याचा आवाज दादाला मुळींच आवडत नाहीं. अँबॅसडरच्या पोटांत कोणी मिक्सर लावला आहे, असें तो म्हणतो, आणि तें खोटें नाहीं. जुना स्टार्टर तेल लावून अण्णांच्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून त्यानें माळ्यावर ठेवला आहे. दिवाळीला आम्ही पुन्हां वाईस निघालों. घाटमाथ्यावर चहा झाल्यावर आई गाडींत बसेना, दाराशीं उभी राहिली. "आधीं सुरू कर," म्हणाली, "मग बसतें."