मागचा गलबला

"कुठे पंगत बसलीय का?" स्वयंपाकघरातून सौ.ने विचारले.

तिचे काही चुकले नव्हते. मी ड्यूक एलिंग्टनच्या बँडचे जुने ध्वनिमुद्रण लावले होते आणि त्यात वाद्यांच्या मागे माणसांचे हसणे-बोलणे अगदी मोकळेपणी चालले होते!

रात्र ७ नोव्हेंबर १९४० ची. अमेरिकेच्या उत्तरेकडचे फार्गो हे गाव आणि तिथली क्रिस्टल बॉलरूम. ते स्विंगचे दिवस होते. ट्रंपेट, ट्रोंबोन, सॅक्सोफोन असा पंधरा-एक वादकांचा ताफा गावोगाव हिंडे आणि लोक त्याच्या तालावर नाचत. त्या रात्री जॅक टॉवर्स आणि डिक बरिस हे दोन तरुण रीतसर परवानगी काढून, आपले यंत्र घेऊन तिथे हजर झाले. टेपचा जमाना अजून यायचा होता. वादन चालू असतानाच सुई फिरत्या तबकडीवर खाचा कोरीत जाई. काही रचना त्यात पुऱ्या मिळतच नाहीत, अर्ध्यावर तुटतात.

पण जे मिळाले ते केवढे! कूटी विल्यम्स हा नामांकित ट्रंपेटवादक नुकताच बँड सोडून गेलेला. त्याच्या जागी आलेला रे नान्स अगदी नवखा. बेन वेब्स्टर सॅक्सोफोनवर 'स्टारडस्ट' असे आळवतो की कोणी कानाशी बोलते आहे असे वाटावे. आणि जिमी ब्लँटन! बेसने मुकाट्याने ठेका धरावा ही रीत. या पोराने त्या अवजड वाद्याला गायला लावले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. फार्गोच्या त्या तबकड्या १९७८ मध्ये रसिकांच्या हाती पडल्या आणि १९८० साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

सौ.चा प्रश्न मात्र मला झोंबला. त्याचे कारण माझ्यापाशीच आहे.

एम.ए.ला असताना मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. जात्याची घरघर, पाळण्यातल्या पोराचे रडणे, मध्येच आजीचे "अगं, त्या मांजराला हाकल!" मी हे सारे गाळून ओव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवल्या. अभ्यासकाला शुद्ध पाठ हवा ना! मग ती 'खराब' टेप वाया कशाला घालवा, म्हणून तिच्यावर एक कविसंमेलन भरून घेतले. त्यात माझीही एक कविता होती.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. वही आहे. तिच्यात एकही ओवी चुकलेली नाही आणि आजी कुठेच नाही. कोणत्या ओळीला तिला दम लागे, कोणत्या शब्दावर हात जड होऊन जाते मंदावे, ते सारे त्या घरघरीतच होते. पाठभेद शिकवणाऱ्या मास्तराला एवढेही कळू नये?

फार्गोतला तो गलबला ऐकताना मला त्या दोन तरुणांचा हेवा वाटतो. त्यांनी सूर टिपले, आणि सुरांबरोबर ती रात्रही.

"आवाज कमी करू का?" मी सौ.ला विचारले.

"राहू दे," ती म्हणाली, "घर भरल्यासारखं वाटतंय."