धावणारा शब्द, चालणारा शब्द

इंग्रजीतील ‘रन’ हे क्रियापद भाषांतराच्या कामात मला सतत भेटत आले आहे. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’चे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी त्याच्या नोंदीवर सुमारे नऊ महिने काम केले आणि त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. वर्गात हा आकडा सांगितला की मराठीच्या तोकडेपणाची जुनी खंत हमखास व्यक्त होते. ती खंत ज्या गृहीतकावर उभी आहे, ते मात्र मला तपासून पाहावेसे वाटते.

इंग्रजीत नदी, यंत्र, दुकान, नाक, कपड्याचा कच्चा रंग हे सारेच धावते. मराठीत नदी आणि नाक वाहते, यंत्र आणि दुकान चालते, रंग जातो. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीत ‘धावतो’. ब्रिटनमधील उमेदवार आपल्याकडच्यासारखा ‘उभा राहतो’. उलट, मराठीत खटला चालतो, नाणे चालते, एखाद्याचे कोणापुढे काही चालत नाही. आणि ‘चालेल’ एवढ्या एका शब्दाने आपण संमती देतो. तेथे ‘रन’ला प्रवेश नाही. गाण्याची चाल, बुद्धिबळातील चाल, चलन, चालचलन हा गोतावळा वेगळाच.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणारी संसर्ग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी कारणे सांगितली आहेत. त्या दृष्टीने पाहता ‘रन’चे बहुतेक अर्थ त्याला शेजारच्या शब्दांकडून मिळालेले दिसतात. वाक्य बदलले की शेजार बदलतो, आणि भाषांतरकाराला पर्याय सापडतो.

खरी अडचण येते ती लेखक अनेक अर्थ हेतुतः एकत्र नांदवतो तेव्हा. जॉन अपडाइक यांच्या ‘रॅबिट, रन’ (१९६०) या कादंबरीचा नायक एकेकाळचा बास्केटबॉलपटू आहे आणि तो घर सोडून जातो. शीर्षकातील क्रियापदासाठी ‘धाव’ योजले तर खेळाडू उरतो, पलायन निसटते. ‘पळ’ योजले तर पारडे पलायनाकडे झुकते. कादंबरीचे प्रकरण ध्यानात घेऊन मी ‘पळ’ हाच शब्द निवडीन. त्यात खेळाचे मैदान गमवावे लागते. हा तोटा मराठीच्या दारिद्र्याच्या खाती मांडण्याचे मात्र मला कारण दिसत नाही; ‘चालेल’ इंग्रजीत नेऊ पाहणाऱ्यालाही तो सोसावाच लागेल.